दहा टक्के कशाचे?

गुंतवणूक-सल्लागारांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हटला की बाजार कुठे जाणार हे त्याने सांगावे, अशी अपेक्षा असते. ती आज पुरी होणार नाही. त्यापेक्षा 2020 सालची खातेवही पुन्हा उघडलेली बरी. व्याज उतरले की लाभांशाकडे गर्दी कशी वळते, हे त्या वर्षाने लख्ख दाखवले.

मे 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवर आणला. सप्टेंबरात स्टेट बँकेची एक वर्षाची ठेव 4.9 टक्क्यांवर आली आणि ऑक्टोबरात किरकोळ महागाई साडेसात टक्क्यांच्या वर गेली. पासबुकातले मुद्दल शाबूत होते, पण किराणा दुकानात त्याची किंमत घटत होती. मेच्या अखेरीस 7.75 टक्क्यांचे सरकारी बचत रोखेही बंद झाले. पेन्शनर मंडळींची घालमेल रास्तच होती.

याच सुमारास कोल इंडियाचा शेअर सव्वाशेच्या खाली रेंगाळत होता. 2019-20 चा लाभांश होता 12 रुपये. म्हणजे परतावा दहा टक्क्यांच्या आसपास, ठेवीच्या दुप्पट!

पण हे दहा टक्के आले कुठून? 2010 साली हाच शेअर 245 रुपयांना विकला गेला होता. देशातली तोवरची ती सर्वांत मोठी प्राथमिक समभाग विक्री. जानेवारी 2014 मध्ये कंपनीने एकदम 29 रुपये लाभांश जाहीर केला. तेव्हा 90 टक्के मालकी सरकारची होती, त्यामुळे त्यातला बहुतेक पैसा दिल्लीच्या तिजोरीत गेला. असा लाभांश धंद्याच्या ताकदीपेक्षा तिजोरीच्या नडीवर ठरतो की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. दहा वर्षांत भागधारकाला लाभांशापोटी दीडशेहून अधिक रुपये मिळाले खरे, पण शेअर निम्म्यावर आला. दोन्हींची बेरीज केली, तर आठ टक्क्यांची साधी ठेव कितीतरी बरी ठरली असती.

आणि ज्याने 2020 मध्ये पडत्या भावात घेतला? 2024 मध्ये भाव पाचशेच्या वर गेला. त्याचे उखळ पांढरे झाले. दोघांच्या हाती कंपनी तीच, कोळसाही तोच. भाव कोसळला म्हणून टक्का फुगला होता. तो फुगलेला टक्का पाहून घेणाऱ्याला भाव सावरेपर्यंत थांबता येणार होते का, एवढाच खरा प्रश्न. औषधपाण्यासाठी मध्येच शेअर विकावा लागला असता, तर 12 रुपयांचा लाभांश त्याच्या काय कामाचा?

ठेवीचे व्याज करारात बांधलेले असते, लाभांश नाही. 17 एप्रिल 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सरलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली. लाभांशावर घर चालवणाऱ्यांकडे बँकांचे शेअर हमखास असतात! त्याच महिन्याच्या अखेरीस शेल या तेल कंपनीने तिमाही लाभांश 47 सेंटवरून 16 सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही तिची पहिली कपात. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर भागधारकाच्या माथी आला. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर 50 हजारांपर्यंत वजावट मिळे, लाभांशावर मिळत नसे. जाहिरातीतला टक्का आणि हातात पडणारा टक्का यांत एवढे अंतर.

अर्थात ठेवींची आरती ओवाळायचेही कारण नाही. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली ती त्यानंतर, फेब्रुवारी 2020 मध्ये.

आता 25 लाख घेऊन निवृत्त झालेल्या माणसाचा त्या वर्षीचा हिशेब मांडू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या मर्यादेइतके 15 लाख, 7.4 टक्क्यांनी, म्हणजे दर तिमाहीला 27,750 रुपये. पाच-सहा लाख ठेवींत, तेही दोन बँकांत विभागून. उरलेल्या चार-पाच लाखांना सात-आठ वर्षे हात लावायची वेळ येणार नसेल, तरच लाभांश देणाऱ्या कंपन्यांची यादी काढावी. त्या यादीतही आधी कर्ज पाहावे, मग धंद्यातून येणारी रोकड, आणि टक्का सगळ्यांत शेवटी.