जुन्या जिनसांची गृहशोभा

गृहसजावट म्हणजे नव्या व महागड्या सामानाची खरेदी, हा दृढ झालेला समज ज्यांना तपासून पाहावयाचा असेल, त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी अवश्य फेरफटका मारावा. तेथे अडकित्ते, समया, कंदील, पानाचे डबे यांचे ढीग पडलेले असतात. आणि एखादा काळवंडलेला पितळी गडू हाती घेऊन काठाखाली निरखून पाहिले, तर ज्या संसारात तो वावरला, तेथील कुणाचे तरी नाव बारीक ठिपक्यांनी कोरलेले अनेकदा आढळते.

दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अशाच नित्योपयोगी वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि अकाली निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेल्या संग्रहालयातून त्या वस्तूंचे कलामूल्य महाराष्ट्राच्या निदर्शनास आणून दिले.

अशा बाजारातून जुनी समई घेताना तिचे भाग एकमेकांत घट्ट बसतात किंवा नाही, याची खातरजमा करावी. पितळ चिंचेच्या कोळाने घासून लगेच कोरडे करावे. लाकडाच्या छिद्रांतून ताजा भुसा झडत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून ती वस्तू घरात आणू नये. शंभर वर्षांहून प्राचीन कलावस्तू १९७२ च्या केंद्रीय कायद्यान्वये पुरावशेष ठरू शकते व ती खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानात असावे.

मोजक्याच वस्तू घ्याव्यात, परंतु त्या वापरात ठेवाव्यात. कारण अनाम कारागिरांच्या कौशल्याचा खरा सन्मान त्या वस्तूंच्या नित्य उपयोगातच आहे.