विरजण आणि घाटातलं हॉटेल

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी चढला असेल. घाट चढून प्रतापगडाचा फाटा जवळ आला, की गाडी थांबवून कुठल्यातरी हॉटेलात दही खाण्याची माझी जुनी सवय आहे. दही चांगलं असतं. पण घरच्या दह्यात आणि त्या दह्यात एक फरक आहे. घरी शेजारणीकडून विरजण आणलेलं असतं आणि उद्या कुणी वाटी घेऊन दारात आलं तर आपणही नाही म्हणत नाही. हॉटेलात मात्र दही खायचं, वाटी ठेवायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. विरजण मागितलं तर मालक तोंडाकडे बघत राहील.

हे आठवायचं कारण आमचं वाचनालय. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असल्यामुळे तिथल्या संगणकाच्या भानगडी माझ्याकडेही येतात. आम्ही पुस्तकांच्या नोंदी ‘कोहा’ नावाच्या प्रोग्रॅमवर ठेवायच्या ठरवल्या. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने १९९९ मध्ये तो करून घेतला आणि २००० साली सगळ्या जगासाठी मोकळा केला. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. आपल्याकडचा आहेरच म्हणा.

आमच्याकडे ना मोठा संगणक, ना तो सांभाळणारा माणूस. पावसाळ्यात वीजही जाते. म्हणून शहरातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर कोहा ठेवला आणि वर्षाची वर्गणी भरली. आमच्या ग्रंथपाल बाई त्या मुलांना दोन महिने फोनवर मराठी शिकवत होत्या. मराठी कोशात क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी येतात. संगणकाच्या लेखी ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर, त्यामुळे ज्ञानेश्वर जाऊन बसतात ‘ज’मध्ये. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद शोधायचे कुठे, श मध्ये की म मध्ये? हमीद दलवाई द मध्येच हवेत, पण कुणी ह मध्ये शोधलं तरी सापडले पाहिजेत. हे सगळं बाईंनी सांगितलं, मुलांनी प्रोग्रॅममध्ये बसवलं आणि यादी मराठी माणसाला वापरता येईल अशी झाली.

तीन वर्षांनी वर्गणी परवडेनाशी झाली आणि आम्ही निघालो. पुस्तकांच्या नोंदींची फाइल कंपनीने बिनतक्रार दिली. मराठीसाठी केलेले बदल मागितले, तर उत्तर आलं की ते आमचं काम आहे, परवान्यानुसार द्यायला आम्ही बांधील नाही. मी चिडलो. मुक्त प्रोग्रॅम म्हणता आणि देत नाही? पुण्याला नोकरी करणारा माझा पुतण्या म्हणाला, “चाचा, त्यांचं बरोबर आहे.”

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. म्हणजे कायद्यापुढे तो लिहिणारा मुलगा आणि मी एकाच बाकावर. (मानधनाच्या बाबतीत नव्हे.) रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसाने याच कायद्याचा उलटा उपयोग केला. १९८९ साली त्याने जीपीएल नावाचा परवाना आणला. प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा. पण ज्याला प्रत द्याल त्याला मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅम ज्या ओळींत लिहिला तो मजकूरही द्या, आणि त्यालाही हेच हक्क द्या. कॉपीराइटच्या उलट म्हणून याला कॉपीलेफ्ट म्हणतात. हे झालं विरजण. कोहाचा परवानाही हाच.

सगळी मेख ‘प्रत द्याल’ या शब्दांत आहे. १९८९ साली प्रोग्रॅम फ्लॉपीवरून, टेपवरून हातात येत असे. आता तो दूरच्या सर्व्हरवर असतो आणि आपण तारेच्या या टोकाला बसून तो वापरतो. प्रत हाती येतच नाही, मग संहिता देण्याचं बंधन कुठलं? हॉटेलवाल्याने विरजण का द्यावं? कोहाच्या बाबतीत हे आमच्याआधीही घडलं होतं. २००९ साली लिबलाइम या अमेरिकन कंपनीने कोहाची स्वतःची सुधारित आवृत्ती फक्त आपल्या सर्व्हरवरच्या ग्राहकांसाठी ठेवली. जगभरचे ग्रंथपाल संतापले, पण जीपीएलचा भंग झाला असं म्हणता येईना.

ही फट आधीच दिसली होती. अफेरो नावाच्या कंपनीसाठी २००२ साली एक वेगळा परवाना निघाला. पुढे जीपीएलची तिसरी आवृत्ती घडत असताना यावर बराच खल झाला. त्या आवृत्तीसाठीची एक परिषद २००६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बंगळूरलाही भरली होती. अखेर २००७ साली दोन परवाने शेजारी शेजारी आले. जीपीएलने फट तशीच ठेवली, अफेरो जीपीएलने बुजवली. प्रोग्रॅम बदलून सर्व्हरवर ठेवलात, तर तो तारेवरून वापरणाऱ्यालाही बदललेली संहिता मागता आली पाहिजे. टेबलावर बसून खाणाऱ्यालाही विरजण, असंच म्हणा ना.

चालतो का हा परवाना? काही वेळा चालतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं ट्रूथ सोशल हे संकेतस्थळ अफेरो परवान्याच्या मॅस्टोडॉनवर उभं असल्याचं उघड झालं. मॅस्टोडॉनवाल्यांनी पत्र पाठवलं आणि नोव्हेंबरात संहिता ठेवली गेली. पण तिथे चोरी दिसली होती. एरवी सर्व्हरच्या पोटात काय बदललंय हे बाहेरून कोण पाहणार? शिवाय दावा लावायचा तो साधारणपणे मूळ लेखकाने. आमच्यासारख्या गिऱ्हाइकाने नुसतं बोट दाखवायचं.

मोठ्यांचा मार्ग तर निराळाच. गूगलने आपल्या माणसांना अफेरोचे प्रोग्रॅम कामात वापरायला मनाई केली आहे. माहिती साठवणारा मोंगोडीबी हा प्रोग्रॅम अफेरोखाली होता. २०१८ मध्ये त्याच्या मालकांना तेवढंही पुरेना, त्यांनी आणखी कडक परवाना लावला आणि ओपन सोर्सच्या जाणकारांनी तो ओपन मानायला नकार दिला. २०१९ च्या जानेवारीत अॅमेझॉनने मोंगोडीबीसारखी वागणारी स्वतःची सेवा आणली. विरजणाला हात न लावता त्याच चवीचं दही! परवाना शब्दांना बांधतो, चवीला नाही. हे आम्हा कवींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आपल्या मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. रुषभ मेहता यांच्या या कंपनीचा ईआरपीनेक्स्ट हा हिशेब, मालसाठा वगैरे सांभाळणारा प्रोग्रॅम जीपीएलखाली आहे. शिकवणी आणि ग्राहकसेवा यांसाठीचे त्यांचे नंतरचे प्रोग्रॅम मात्र अफेरोखाली आहेत. स्वतः सर्व्हरवर ठेवून देणं हा त्यांचा धंदा, आणि दुसऱ्या कुणी तोच धंदा केला तरी त्यांची हरकत नाही. मात्र अफेरोवाल्या प्रोग्रॅममध्ये त्या दुसऱ्याने काही बदललं, तर ते बदल त्याने वापरणाऱ्यांपुढे ठेवायचे.

मला आता असं वाटतं की अफेरो चांगलाच, पण छोट्या वाचनालयाने परवान्याच्या भरवशावर बसू नये. मागायचं ते पैसे देण्याआधी, करारात मागावं. आम्ही नव्या सर्व्हरवाल्याशी करार करताना दोन ओळी घातल्या. दर महिन्याला नोंदींची फाइल आमच्याकडे यावी, आणि आमच्यासाठी केलेला प्रत्येक बदल संहितेसकट आमच्या हाती द्यावा, म्हणजे तो आम्हाला कोहाच्या जगभरच्या मंडळींकडे पाठवता येईल. तो म्हणाला, “मास्तर, आजवर हे कुणी मागितलं नव्हतं.” आणि त्याने सही केली. मी मास्तर नाही, पण ते असो.

बाई पुन्हा फोनवर आहेत. शेख महंमद आता श आणि म दोन्हीकडे सापडतात. ज्ञानेश्वर अजून ‘ज’मध्ये आहेत.