यकृताचा रुग्ण आणि रक्ताचे आकडे
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



पोटात पाणी झालेला रुग्ण दाखल झाला की नातेवाईक विचारतात, "माणूस वाचेल ना?" याचे उत्तर महागड्या तपासणीतच असते, असा समज आहे. वस्तुतः बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर या साध्या आकड्यांवरून 'मेल्ड' गुणांक निघतो व पुढील तीन महिन्यांतील धोक्याचा अंदाज येतो. अमेरिकेत २००२ पासून यकृत-प्रत्यारोपणाचा अग्रक्रम या गुणांकावर ठरू लागला.

मात्र मूल परिसरात एक सावधगिरी हवी. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात; त्यामुळे यकृत ठीक असतानाही बिलिरुबिन वाढलेले दिसू शकते. अशा वेळी एकूण आकड्याने घाबरून न जाता डायरेक्ट व इनडायरेक्ट ही फोड पाहावी. जमाखर्चातही नुसती बेरीज पाहणारा फसतोच!

कर्करोगाच्या शंकेपोटी लोक अल्फा फीटोप्रोटीनवर फार विसंबतात. प्रारंभीच्या अनेक गाठींत हा आकडा नॉर्मल येतो. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आवश्यक आहे. हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. त्यांसाठी कोणी शेत गहाण ठेवावे, हे मनाला पटत नाही.

गरीब सिरॉसिस रुग्णांची सहामाही सोनोग्राफी निःशुल्क व्हावी, अशी तरतूद अंदाजपत्रकात सुचविली आहे. सभेने तीस मान्यता द्यावी, ही नम्र विनंती.