पत्ता सांगा, पुरावा आणा

(तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संपादित करून)



आयोजकांनी मला तीन विषय दिलेत. घर, महागाई आणि घुसखोरीच्या नावाने चाललेली कागदपत्रांची तपासणी. वेळ मात्र एकाच विषयाचा दिलाय. त्यामुळे मी एकच शब्द धरून बोलणार आहे, तो म्हणजे पत्ता.

गेली काही वर्षे मी मोहल्ल्यात कागदपत्रांच्या मदतीचं टेबल लावतो. रेशनकार्ड, जन्मदाखला, आधारमधली दुरुस्ती, शाळेच्या दाखल्यातलं नाव. टेबलासमोर बसणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांची अडचण फिरून फिरून एकाच ठिकाणी येते: राहतात इथे, पण इथे राहत असल्याचा कागद नाही. आणि तो का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या आळसात नसतं, सरकारच्या धोरणात असतं. आजचा माझा मुद्दा एवढाच आहे. सरकार आधी पत्ता मिळू देत नाही, आणि मग त्याच माणसाला दारात उभा करून विचारतं, पुरावा दाखव.

घरापासून सुरुवात करू. १९९५ साली युती सरकारने मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना ८ लाख मोफत घरं देऊ म्हणून सांगितलं आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, उभं केलं. तीस वर्षं झाली. त्या आठ लाखांच्या निम्मी घरंही झालेली नाहीत. मधल्या काळात सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, त्यामुळे कुणी एकाने छाती काढायचं कारण नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. त्याच जनगणनेत शहरी भारतात एक कोटीच्या वर घरं कुलूप लावून रिकामी होती. म्हणजे घरं बांधली जात नाहीत असं नाही. ज्यांना लागतात त्यांच्यासाठी बांधली जात नाहीत.

एसआरएचा आत्मा आहे कट-ऑफ तारीख. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर मोफत. २००० ते २०११ मधला असेल तर अडीच लाख भरा. त्यानंतर आला असाल तर तुम्ही अपात्र. तुमच्यातले अर्धे तर २००० नंतर जन्माला आलेत! धारावीच्या पुनर्विकासातही तेच. तळमजल्यावरचा, २००० च्या आधीचा, तो धारावीत राहणार. माळ्यावर राहणारा आणि नंतर आलेला बाहेर जाणार, आणि बाहेर म्हणजे कुठे, तर ज्या जागा पुढे आल्या त्यात देवनारच्या कचराभूमीची जमीनही आहे. माळ्यावर कोण राहतं? भाडेकरू. धाकट्या भावाचं कुटुंब. जरीचं काम करणारे कारागीर. शहराला त्यांचं काम हवं असतं, त्यांचा पत्ता नको असतो.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली आली, '२०२२ पर्यंत सर्वांना घर' हे तिचं ब्रीद होतं. २०२२ गेलं, २०२४ मध्ये तिचा दुसरा अवतार आला. स्वतःची जमीन असणाऱ्याला बांधकामासाठी अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे, गावाकडे काही जणांची पक्की घरं त्यातून उभी राहिलीत. पण शहरात आठ-दहा हजार भाडं भरणाऱ्याकडे जमीन कुठून येणार? राज्याने मे २०२५ मध्ये 'माझे घर, माझा अधिकार' नावाचं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं. भर मुख्यतः मालकीच्या घरांवर. भाड्याने राहणारा माणूस त्यात मागेच राहतो.

आणि आपल्याला भाड्याने घर मिळवण्यात आणखी एक गंमत आहे, ती मी तुम्हाला सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की 'मालकाने घर घरातल्याच माणसाला दिलं'. सच्चर समितीने २००६ सालीच ही तक्रार नोंदवली आणि समान संधी आयोग नेमायला सांगितलं. कुंडू समितीने २०१४ मध्ये भेदभावविरोधी कायदा सुचवला. आयोगही नाही, कायदाही नाही. उलट २००५ साली एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहकारी सोसायटी आपल्याच समाजापुरतं सदस्यत्व ठेवू शकते. तेव्हा खासगी घराच्या बाबतीत आज तुमच्या हातात फारसं काही नाही. हे कडू आहे, पण माहीत असावं. दलित मित्रांना विचारा, त्यांचाही अनुभव हाच आहे. या मागणीत ते आपल्या सोबत नसतील तर चूक आपल्या बोलावण्यात असेल.

मग माणूस कुठे जातो? जिथे नाव विचारत नाहीत तिथे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून लोक मुंब्र्याला गेले ते असेच. काम मात्र मुंबईतच राहिलं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी पडून मेले. सगळ्या चॅनलांनी त्याला रेल्वेची बातमी म्हटलं. मी तिला घराची बातमी म्हणतो. परवडणारं घर कामापासून तीस-चाळीस किलोमीटरवर असेल तर दारात लटकावंच लागतं.

आता महागाई. इथे मी भाव वाचून दाखवत नाही, ते तुमच्या आईला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. सरकारने स्वतः काय केलं तेवढं बघू. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद आटा-तांदळावर ५ टक्के जीएसटी लावला. सिमेंटवर २८ टक्के होता, तो १८ वर आणायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. एप्रिल २०२५ मध्ये गॅस सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, उज्ज्वलावाल्या बायांनाही सोडलं नाही. त्याच महिन्यात राज्याने रेडी रेकनरचे दर वाढवले. आणि २०२२ मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही. कुणी म्हणेल, शिष्यवृत्तीचा महागाईशी काय संबंध? ज्या घरात वर्षाच्या सुरुवातीला वह्या-पुस्तकं आणि भाडं यांची टक्कर होते, त्या घरात विचारा.

सरकार म्हणतं, मोफत धान्य देतो. देतं, माणशी पाच किलो, आणि ते लोकांना जगवतं, हे मान्य केलं पाहिजे. पण शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली गेली ५९ हजार रुपये. महिन्याला पाच हजारांहून कमी! खरं उत्पन्न लिहिणारा हमाल यात बसत नाही. महाराष्ट्राला किती माणसांचं धान्य मिळणार हा आकडाही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला, सात कोटींवर थांबलेला. नंतर जन्मलेल्या मुलाचं नाव चढवायला गेलं की उत्तर मिळतं, कोटा संपलाय. आणि नाव चढवायलाही लागतो पत्त्याचा पुरावा.

इथे तिसरा विषय येतो. देशाची सीमा राखणं सरकारचं काम आहे, आणि बेकायदा आलेल्यावर कायद्याने कारवाई करायला कुणाचा विरोध नाही. प्रश्न कायद्याचा चेहरा बघून वापर करण्याचा आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन देशांतून आलेल्यांची धर्मावर वाटणी केली. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. त्या कायद्यातली मुदत ३१ डिसेंबर २०१४ ची, सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने त्याच समुदायांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असाल तरी देशात राहायला सूट दिली. झोपडीची कट-ऑफ तारीख सरकायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, इथे एका आदेशाने दहा वर्षं सरकली. फक्त आपलं नाव सोडून.

परकीय नागरिकांच्या कायद्यात, १९४६ च्या असो की २०२५ च्या, मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच आहे. चोराच्या बाबतीतसुद्धा पुरावा पोलिसांनी आणायचा असतो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं, आणि ते भारतीय निघाले म्हणून परत आणावं लागलं. त्यांची भाषा बंगाली होती आणि नावं आपल्यासारखी होती.

महाराष्ट्रात याची झळ जन्मदाखल्याला लागली. २०२३ मध्ये केंद्राने कायदा बदलला, एक वर्षाहून उशिरा होणाऱ्या नोंदीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे दिला. त्याच दुरुस्तीने पुढच्या पिढीसाठी जन्मदाखला शाळा, मतदारयादी, लायसन्स सगळ्याचा आधार केला. साहजिकच लोक दाखल्यासाठी रांगेत लागले. मग जानेवारी २०२५ मध्ये मालेगावातल्या दाखल्यांवरून एसआयटी नेमली गेली. दाखला काढा म्हणणारं सरकार, आणि काढला की संशय घेणारंही सरकार! खोटे कागद बनवणाऱ्या दलालांना जरूर पकडा. पण देशात २००५-०६ साली पाच वर्षांखालच्या १०० पैकी फक्त ४१ मुलांची जन्मनोंद झालेली होती, हा सरकारच्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा आहे. महाराष्ट्राची स्थिती बरी होती, तरी अनेक नोंदी राहिल्याच. ती मुलं आज विशी-पंचविशीत आहेत. ती सगळी काय सीमा ओलांडून आली? पारधी वस्तीत, ऊसतोड्यांच्या पालात जाऊन बघा, तिथे दाखले आपल्यापेक्षाही कमी आहेत.

मग आपण काय मागायचं आणि काय करायचं? मागणी सरळ आहे: घर भाड्याने देताना धर्म-जात बघण्यावर बंदी घालणारा कायदा, शहरात सरकारने बांधलेली आणि सरकारनेच भाड्याने दिलेली घरं, रेशनच्या उत्पन्नमर्यादेत वाढ, आणि लेखी नोटीस व सुनावणीशिवाय कुणाचा दाखला रद्द न करणं. पाडकामाच्या बाबतीत नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. तरी चार महिन्यांत नागपुरात बुलडोझर चालला, आणि महापालिकेला हायकोर्टात माफी मागावी लागली. कारण काय दिलं? निकालाची माहिती नव्हती. म्हणून निकालाची प्रत आपल्या मोबाइलमध्ये असू द्या, अधिकाऱ्याला नसेल माहीत तर दाखवता येईल.

आणि करायचं काम आपल्या गल्लीतलं. भाडेकरार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने टाळली तर दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दहा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे पावणेतीनशे रुपये, आणि शहरात नोंदणी फी एक हजार. डिपॉझिट मोठं असेल तर शुल्क थोडं वाढतं. इथे मला आपल्याच लोकांना एक बोलायचंय. मुंब्र्यात, भिवंडीत घरमालक आपलेच आहेत ना? हेवी डिपॉझिट रोख घेतात, करार साध्या कागदावर करतात, नोंदणीचं नाव काढलं की 'दुसरं घर बघा'. मशिदीत पहिल्या सफेत उभा राहणारा माणूस भाडेकरूला पत्त्याचा कागद नाकारतो, आणि संध्याकाळी सरकारच्या अन्यायावर भाषण देतो. त्याच्याकडे जाऊन बोलणं हेही आंदोलनच आहे, आणि त्याला दिल्लीला जावं लागत नाही.

दाखल्यासाठी, रेशनसाठी अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसहित. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदत टळली की अपील करता येतं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. नकार हवा तर लेखी घ्या.

उद्या दुपारी टेबल लागेल. ज्यांना बसायचंय त्यांनी घरातल्या सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, दादा-दादींच्या नावचा सातबारा किंवा जुनी मतदारयादी, जे असेल ते एका पिशवीत घालून आणा. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. आणि दोन-तीन मुली मदतीला हव्यात, बायका आमच्याशी मोकळं बोलत नाहीत.