संमतीचा अर्थ

'संमती' हा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे. परंतु स्त्रीच्या देहाच्या संबंधात तो महाराष्ट्राच्या घरोघरी ऐकू येऊ लागला, तो संमतिवयाच्या कायद्याच्या वादामुळे. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतिसमागमामुळे मरण पावली, आणि पुढील वर्षी, म्हणजे १८९१ साली, सरकारने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले. लोकमान्य टिळक, ज्यांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरीत झाला, त्यांनी या कायद्यास कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या रूढींत हात घालू नये, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्या वादात शास्त्री बोलले, वैद्य बोलले, वकील बोलले. जिच्या संमतीवरून एवढे रण माजले, तिला मात्र कोणी काही विचारले नाही.

एकीने न विचारताच उत्तर दिले होते. मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह त्या अकरा वर्षांच्या असताना झाला होता. पुढे पतीने नांदावयास येण्यासाठी १८८४ साली त्यांच्यावर फिर्याद लावली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पहिल्या न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला तो असा, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडास जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. आपल्याकडे 'नाही' या शब्दाची किंमत इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोणी मोजली असेल.

पण नुसते 'होय' वा 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य मिळून भागत नाही. आपण कशाला होकार देत आहोत, हेच ज्यास ठाऊक नाही, त्याच्या होकारास संमती कसे म्हणावे? हा मुद्दा ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, ते रघुनाथ धोंडो कर्वे हे आपल्याच जिल्ह्याचे, दापोली तालुक्यातील मुरूडचे. त्यांचा जन्म १८८२ सालचा. वडील धोंडो केशव कर्वे यांनी विधवांचे व स्त्रीशिक्षणाचे कार्य केले, म्हणून जगाने त्यांना महर्षी म्हटले. मुलाने लैंगिक आरोग्याचे कार्य हाती घेतले आणि जगाने त्यास वाळीत टाकले! त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही आपले केंद्र सुरू केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्व्यांचे पाऊल किती पुढचे होते, ते कळते. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी या कार्यापायी गेली. 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' ही पुस्तके त्यांनी १९२३ साली लिहिली आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालले. कामसुखाचा हक्क स्त्रीलाही पुरुषाइतकाच आहे, हे त्यांचे म्हणणे आजही कित्येकांच्या घशाखाली उतरत नाही.

'गुप्तरोग' हा शब्दच पाहा. रोग गुप्त, अवयव गुप्त, शंका गुप्त. मुलगी वयात आली, तरी तिला धड शब्द मिळत नाही. 'कावळा शिवला', 'अडचण आली', 'बाहेरची झाली', एवढ्यावर भागवले जाते. कावळ्याचा यात काय अपराध, ते एक त्यालाच ठाऊक. गंमत बाजूस ठेवून सांगतो, की ज्या अवयवाचे नाव घेता येत नाही, त्यास इजा झाल्याचे मूल सांगणार तरी कसे? आपल्या कोकणात या मौनाची किंमत फार मोठी पडली आहे. मुंबईच्या गिरण्यांत नोकरीस गेलेला चाकरमानी शिमग्याला नि गणपतीला घरी येई. शहरातून रोगाची बाधा घेऊन तो आला, तर गावी राहिलेल्या पत्नीस त्याचा पत्ता नसे, आणि असता तरी 'आज नको' असे म्हणण्याचा अधिकार तिला कोणी दिला होता? आरोग्य आणि संमती हे दोन वेगळे विषय आहेत, असे मानणाऱ्याने त्या माउलीच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात तर अपराध एवढाच होता, की वाचकांनी लैंगिक बाबींविषयी पत्रे पाठविली आणि कर्व्यांनी त्यांची उत्तरे छापली. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. आशील आणि वकील दोघेही एकाच मुलुखाचे. वाचक शंका विचारीत असेल, तर तिचे निरसन करणे यात अश्लील काय, असा बाबासाहेबांच्या प्रतिपादनाचा रोख होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठरावही आला; तोही फेटाळला गेला. आणि २००७ साली आपल्याच राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम गदारोळामुळे थांबविण्यात आला, तेव्हा कर्व्यांच्या विरोधकांचीच भाषा पुन्हा ऐकावयास मिळाली, की मुलांना हे सांगितले तर ती बिघडतील. कुतूहल काही सांगितल्यावाचून राहत नाही; ते फक्त भलत्या ठिकाणी उत्तर शोधीत जाते.

आता मौनाविषयी. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण लग्नकार्यात हसत हसत उच्चारतो. परंतु न्यायालयात तेच वचन किती घातक ठरू शकते, ते देसाईगंजच्या खटल्यात दिसून आले. १९७२ साली तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस सोडून दिले. मुलीच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरड केल्याचे दिसत नाही, म्हणून तिचा विरोध नव्हता, असा अर्थ काढण्यात आला. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, दारे लावलेली असताना, ती पोर कोणाला हाक मारणार होती? चार कायदेपंडितांनी १९७९ साली खुले पत्र लिहून हा प्रश्न विचारला, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ पासून तर कायद्यानेच स्पष्ट केले आहे, की संमती म्हणजे शब्दांनी वा खुणेने दिलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची अनुमती. केवळ प्रतिकार झाला नाही, म्हणून ती होती असे होत नाही. अठरा वर्षांखालील मुलाच्या वा मुलीच्या होकारास तर २०१२ च्या बालसंरक्षक कायद्यात मुळीच किंमत नाही. मात्र प्रौढ पत्नीवर पतीने केलेल्या बळजोरीस बलात्कार न मानण्याचा जुना अपवाद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही राहून गेला आहे. रखमाबाईंचा प्रश्न, म्हणजे, अजून पुरता सुटलेला नाही.

कित्येक आईबाप विचारतील, आम्ही घरी नेमके करावे तरी काय? मोठाली व्याख्याने देण्याची गरज नाही. अंघोळ घालताना कान, नाक, गुडघा या शब्दांबरोबरच बाकीच्या अवयवांचीही सरळ नावे सांगावीत. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी आईने तिला पाळीविषयी सांगावे, आणि मुलग्यासही सांगावे. बहिणीच्या दुखण्याची थट्टा करणारा मुलगा पुढे कोणाचा तरी नवरा होतो. वडिलांनी मुलाशी बोलणे तर आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तारुण्यात शरीरात काय घडते, त्यात रोग कोणता आणि स्वाभाविक काय, हे मुलग्यांना मित्रांकडून कळते, आणि मित्रास काय कळत असते, ते आपण सर्व जाणतो. घरात बोलवत नसेल, तर सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांस विचारावे. लाजेने रोग थांबत नाही. मुलावर संकट आले, तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उघडा असतो, तो घरातील प्रत्येकास पाठ असावा.

आणि एक लहानशी गोष्ट. गणपतीच्या दिवसांत घरात पाहुण्यांची दाटी होते. 'मामांना पापा दे', 'काकांच्या मांडीवर बस', असे आपण लेकरास ढकलतो. ते आखडते, मागे सरते, आणि आपण सारे हसतो. या वर्षी ते मागे सरले, तर त्यास मागे सरू द्यावे. मामांना नमस्कार पुरे आहे.