शर्यत आणि तिचे नियम

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस दत्तजयंती येते, आणि तापीच्या कांठीं वसलेल्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील हें गांव लहानसेंच. पण यात्रेच्या दिवसांत तेथें जो घोड्यांचा बाजार लागतो त्याची कीर्ति खानदेशाच्या सीमा ओलांडून दूरवर पोंचलेली आहे. या बाजारांत जो खरा जाणता गिऱ्हाईक असतो, तो घोडा किती वेगानें धांवतो हें प्रथम विचारीत नाहीं. तो आधीं जनावराचें तोंड उघडून दांत पाहतो, म्हणजे वयाचा अंदाज होतो. मग खूर पाहतो, पायांचे सांधे चांचपतो, छाती न्याहाळतो, आणि सर्वांत शेवटीं त्यास चालवून व पळवून पाहतो. जनावरानें किती धांवावें याची मर्यादा त्याच्या देहांतच लिहिलेली असते, आणि ती मर्यादा वाचतां येणें यासच पारख म्हणतात.

हौसेची धांव एकट्याची असते तोंवर ही पारख पुरते. परंतु दोघांची अथवा दहांची शर्यत लागली कीं मर्यादा बाहेरून घालावी लागते, आणि तिलाच नियम असें नांव आहे. नियम म्हणजे मौजेच्या पायांत अडकविलेली बेडी, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः नियमावांचून शर्यतच संभवत नाहीं. कोठून निघावयाचें व कोठें थांबावयाचें हें ठरल्याखेरीज पहिला कोण हें सांगतांच येणार नाहीं. शर्यतीच्या नियमांस तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. कोणीं धांवावें, किती धांवावें, आणि कांहीं चुकलें तर कोणाचा जीव धोक्यांत पडेल? खेदाची गोष्ट ही कीं यांपैकीं तिसरा प्रश्न जगांत बहुधा सर्वांत उशिरां विचारला जातो.

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास याची साक्ष देतो. या शर्यतींवर देखरेख ठेवणारा आंतरराष्ट्रीय मोटार संघ १९०४ मध्यें पॅरिस येथें स्थापन झाला. पुढें अर्धें शतक मोटारींचा वेग वाढत गेला, पण प्रेक्षक मात्र रस्त्यालगत पूर्वींप्रमाणेंच उभे राहत. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची शर्यत चालू असतां पिएर लव्हे याची मोटार दुसऱ्या मोटारीस धडकून उधळली व तिचे जळते भाग गर्दींत शिरले. ऐंशींहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले, चालकही गेला. विशेष हें कीं शर्यत थांबविली गेली नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं ठरल्या वेळींच संपली. या आघातानंतर स्वित्झर्लंडनें आपल्या देशांत अशा शर्यतींवर बंदी घातली व ती अनेक दशकें टिकली. इतर देशांनीं शर्यत ठेविली, पण प्रेक्षक व रस्ता यांमधील अंतर आणि भिंती यांचा विचार नव्यानें सुरू केला.

१९९४ मध्यें इटलीतील इमोला येथें असाच प्रसंग ओढवला. ३० एप्रिलला रोलंड रात्सेनबर्गर आणि १ मेला तीन वेळां जगज्जेता ठरलेला आयर्टन सेना असे दोन चालक लागोपाठच्या दोन दिवशीं मरण पावले. त्यानंतर मोटारींची शक्ति कमी करण्यांत आली, धोक्याचीं वळणें बदलण्यांत आलीं, आणि चालकांनीं आपली संघटना पुन्हा उभी केली. २०१८ पासून चालकाच्या मस्तकाभोंवतीं टायटॅनियम धातूची कमान बसविणें सक्तीचें झालें. ती कुरूप दिसते, खेळाचें रूप बिघडवते, असें म्हणणारे थोडे नव्हते. रोमां ग्रोझां हा चालकही प्रथम तिच्या विरुद्ध होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारिन येथें याच ग्रोझांची मोटार लोखंडी कठड्यांत घुसून दुभंगली व पेटली. सुमारें अठ्ठावीस सेकंदांनीं तो ज्वाळांतून आपल्या पायांनीं बाहेर आला, आणि त्या कमानीनेंच आपले प्राण वाचविले हें त्यानें मोकळ्या मनानें कबूल केलें.

आतां २०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वन या सर्वश्रेष्ठ गणल्या जाणाऱ्या शर्यतीचे नियम पुन्हा मुळापासून बदलले आहेत. मोटारी पूर्वींहून आंखूड, अरुंद आणि सुमारें ३० किलोनें हलक्या केल्या आहेत. इंजिनाच्या जोडीला असलेल्या विजेच्या यंत्राची शक्ति १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर नेली आहे, म्हणजे जवळजवळ निम्मा जोर विजेचा. जमिनींतून काढलेल्या खनिज तेलाऐवजीं नव्या पद्धतीनें बनविलेलें, हवेंत नव्यानें कर्ब न वाढविणारें इंधन आवश्यक ठरविलें आहे. या बदलांस अनुकूल असणारे म्हणतात कीं शर्यतींत जें आज सिद्ध होतें तें उद्यां घरोघरच्या मोटारींत येतें. याच धोरणामुळें आउडीसारखा नवा कारखाना या शर्यतींत उतरला. प्रतिकूल असणारे म्हणतात कीं विजेचा सांठा जपण्यासाठीं चालकानें सरळ रस्त्यावरही वेग आवरूं लागावें, यांत शर्यत कसली? २०२५ मध्यें संघाच्या अध्यक्षांनीं स्वतःच पुढील काळासाठीं आठ सिलिंडरांच्या साध्या इंजिनाकडे वळण्याची सूचना मांडली होती. वाद कसाही मिटो. त्या वादाची एक बाजू लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्याचा जीव पणास लागतो तो चालक या चर्चेंत बोलूं शकतो. त्याची संघटना आहे, त्याला वाचा आहे, आणि नको वाटल्यास मोटारीतून उतरण्याची मुभा आहे.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या शर्यतींत ही सोय नाहीं. पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील घाटांवर, पश्चिम महाराष्ट्राच्या माळांवर, रायगडच्या किनाऱ्यावर आणि विदर्भांतील शंकरपटांत जो धांवतो तो बैल मुका आहे. म्हणून त्याच्या वतीनें बोलण्याचें काम न्यायालयांस करावें लागलें. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनें केंद्र सरकारनें खेळांसाठीं वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत वळू व बैल यांचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोहोंसही मनाई केली. १९६० च्या कायद्यानें प्राण्याची देखभाल करणाऱ्यावर जें कर्तव्य घातलें आहे त्याचा आधार घेऊन न्यायालयानें सांगितलें कीं बैलाची शरीररचना शर्यतीसाठीं नाहीं. घोड्याची पाठ, छाती व पाय वेगासाठीं घडले आहेत. बैलाचा खांदा ओझ्यासाठीं. सारंगखेड्याच्या बाजारांतील पारखी माणसास हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाहीं.

परंतु शेतकऱ्याचेंही म्हणणें पोकळ नव्हतें. यंत्राची नांगरट आल्यापासून खिलारासारख्या चपळ जातीच्या बैलास शेतांत पूर्वींइतकें काम उरलें नाहीं. शर्यतीच्या हौसेनेंच असे बैल राखले जातात, त्यांना खुराक मिळतो, पैदास टिकते. शर्यत गेली तर बैलही जाईल, असें त्याचें म्हणणें. हें म्हणणें मनांत धरून महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१७ मध्यें कायद्यांत दुरुस्ती केली व त्याच वर्षीं शर्यतींचे नियमही तयार झाले. तथापि न्यायालयीन स्थगितीमुळें शर्यती सुरू होऊं शकल्या नाहींत. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या निर्णयाचा अर्थ पुष्कळांनीं “बंदी उठली” एवढाच घेतला. त्या दिवशीं गुलाल उधळला गेला, हलग्या वाजल्या. तें स्वाभाविकही होतें. पण न्यायालयानें जें मान्य केलें तें मोकळें रान नव्हे. नियमांनीं बांधलेली शर्यत त्यानें मान्य केली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. अनामत रक्कम भरावयास हवी. पशुवैद्यानें बैल तपासून तो धडधाकट असल्याचा दाखला द्यावयास हवा. धांव १,००० मीटरांहून लांब नको. बैलास विश्रांति हवी. आणि काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारें साधन यांचा स्पर्शही नको. राज्यांच्या दुरुस्त्यांनीं व नियमांनीं प्राण्याच्या यातना कमी होतात, हाच घटनापीठाच्या निर्णयाचा एक मुख्य आधार होता. म्हणजे ज्या माळावर हे नियम पाळले जात नाहींत, त्या माळावरील शर्यत त्या निर्णयाचा आश्रय घेऊं शकत नाहीं. नियम मोडणारा माणूस केवळ बैलावर अन्याय करीत नाहीं. प्रामाणिकपणें बैल जोपासणाऱ्या आपल्या शेजाऱ्याच्या हक्काचा पायाच तो उखडतो.

येथें मोटारींच्या शर्यतींतील एक उदाहरण उपयोगी पडेल. २८ जुलै २०२४ रोजीं बेल्जियममधील स्पा येथें जॉर्ज रसेल यानें शर्यत जिंकली. विजयाचा चषक त्याच्या हातीं आला, जयघोष झाला. त्यानंतर रीतीप्रमाणें त्याची मोटार तोलण्यांत आली, तेव्हां ती ठरीव वजनापेक्षां दीड किलोनें कमी भरली. दीड किलो म्हणजे वाण्याच्या दुकानांतील साखरेची एक मध्यम पुडी. तरीही विजय काढून घेण्यांत आला आणि दुसऱ्या आलेल्या लुइस हॅमिल्टनला देण्यांत आला. त्याच्या संघानें चूक मान्य केली. नियम कागदावर आहे कीं जमिनीवर, याची खरी कसोटी हीच आहे. हरलेल्यास दंड करणें सोपें असतें. जिंकलेल्याचा गुलाल पुसण्याचें धैर्य ज्या पंचांत असतें, त्यांच्याच शर्यतीस लोक मान देतात.

अशी तोलणी बैलांच्या शर्यतींतही अशक्य नाहीं. पशुवैद्याचा दाखला बैलास न पाहतां टेबलावर बसून लिहिला जाऊं नये. धांव संपल्यावर विजयी जोडीची पाठ व शेपटी यांवर मारहाणीच्या खुणा आहेत काय, हें सर्वांसमक्ष पाहिलें जावें. खूण आढळल्यास बक्षीस पुढील जोडीस द्यावें. यास मोठा खर्च लागत नाहीं, नवा कायदाही लागत नाहीं. यात्रेच्या पंचमंडळींनीं निश्चय केला तर एका हंगामांत हा रिवाज पडेल, आणि दोन हंगामांत गाडीमालकच एकमेकांवर लक्ष ठेवूं लागतील. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचाही यांत वाटा आहे. सुटीच्या दिवसांत गांवीं जाऊन मुलांस खांद्यावर घेऊन शर्यत दाखविणाऱ्या बापानें मुलास एवढा प्रश्न विचारावयास शिकवावें कीं, पहिला आलेला बैल मारून धांवला कीं आपल्या अंगच्या जोमानें? प्रेक्षक हा प्रश्न विचारूं लागले कीं हांकणाऱ्याचा हात आपोआप आवरतो.

ल मां येथें ऐंशींहून अधिक माणसें गेलीं तेव्हां भिंती उंच झाल्या. इमोला येथें दोन चालक गेले तेव्हां वळणें बदललीं. माणसाच्या मरणाची बातमी होते, चौकशी होते, आणि मग नियम सुधारतो. बैलाचा पाय मोडला तर तशी बातमी होत नाहीं. तो बाजाराची वाट धरतो आणि दुसरा बैल जूं घेतो. म्हणून येथें अपघाताची वाट पाहून चालणार नाहीं. नियम अपघाताच्या आधीं पाळावा लागेल. सारंगखेड्याच्या बाजारांतील तो वृद्ध पारखी घोड्याच्या गुडघ्यावरून हात फिरवितो तेव्हां त्याच्या बोटांत हेंच शहाणपण असतें. जनावर धांवण्यापूर्वीं तो त्याची मर्यादा विचारून घेतो. आणि ती कळल्यावर मोह आवरून सौदा सोडूनही देतो.