रेल्वेचा भोंगा : तक्रार कोणाकडे, अधिकार कोणाचा?



१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड येथून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला होता. आष्टीपर्यंत गाडी येण्यास २०२२ साल उजाडले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती पोहोचण्यास आणखी तीन वर्षे लागली. एक संपूर्ण पिढी ‘रेल्वे येणार, रेल्वे येणार’ असे ऐकत वाढली. ज्या दिवशी ती आली, त्या दिवशी भोंग्याचा आवाज कोणाच्या कानाला टोचला नसेल. परंतु स्वागताचा दिवस एकच असतो आणि गाडी त्यानंतर रोज धावावयाची असते. कडा, आष्टी, अंमळनेर, विघनवाडी, राजुरी या पट्ट्यातील रुळालगतच्या वस्त्यांना, शाळांना आणि दवाखान्यांना यापुढे हा आवाज कायमचा सोबती आहे.

परळी वैजनाथला ही गोष्ट नवी नाही. तेथे रेल्वे निजामी राजवटीतच आली. औष्णिक वीज केंद्र उभे राहिल्यावर कोळशाच्या मालगाड्यांची भर पडली. परळीत किंवा घाटनांदूरला स्थानकाजवळ वाढलेल्या माणसाला गाडीच्या शिट्टीवरून वेळ सांगता येते असे म्हणतात, व त्यात अतिशयोक्ती असली तरी फारशी नसावी. नव्या मार्गावरच्या गावांना ती सवय व्हावयाची आहे. आणि सवय होईपर्यंत, किंबहुना झाल्यावरही, एखादा आजारी माणूस, रात्रपाळी करून आलेला कामगार किंवा दहावीचा विद्यार्थी विचारणारच की, हा भोंगा कमी करावयाचा तर अर्ज कोणाकडे करावा? हा प्रश्न प्रथम सरपंचाकडे येईल, मग तलाठ्याकडे, मग तहसीलदाराकडे. त्यांपैकी एकाच्याही हातात तो अधिकार नाही. तो कोणाच्या हातात आहे, हे नीट समजून घेणे हाच आजच्या विवेचनाचा हेतू होय.

भोंगा कोणाच्या आज्ञेने वाजतो?

भोंगा वाजविणे ही लोको पायलटची हौस नव्हे. भारतीय रेल्वेचे ‘सामान्य नियम, १९७६’ असे सांगतात की, इंजिन हलविण्यापूर्वी, बोगद्यात शिरताना आणि विशेष आदेशान्वये ठरविलेल्या इतर वेळी व ठिकाणी, विहित संकेताप्रमाणे शिट्टी दिलीच पाहिजे. या संकेताला स्वतःची एक भाषा आहे. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे मागच्या डब्यातील गार्डने ब्रेक लावावा. लांब-आखूड-लांब-आखूड अशी शिट्टी म्हणजे गाडी मधूनच तुटली आहे. फाटकाकडे येताना दिली जाते ती अखंड लांब शिट्टी. रुळाच्या कडेला पिवळ्या फळीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ असे लिहिलेले पुष्कळांनी पाहिले असेल. ‘सीटी’ आणि ‘फाटक’ यांची ती आद्याक्षरे होत. ही फळी फाटकापासून सुमारे ६०० मीटरवर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी हे अंतर सुमारे २२ सेकंदांत तोडते, ६० च्या वेगाने ३६ सेकंदांत. तेवढा वेळ भोंगा सलग वाजतो, कारण बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला बाजूला होण्यास तेवढाच वेळ मिळतो. भरधाव गाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे गेल्याशिवाय थांबत नाही आणि तिला वळण घेऊन कोणाला चुकविता येत नाही. तिच्याजवळ आवाजाखेरीज दुसरे साधन नाही.

हा नियम मोडला तर काय होते, हेही पाहावे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७५ प्रमाणे, कर्तव्यावर असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने सामान्य नियमांचे उल्लंघन करून लोकांची सुरक्षितता धोक्यात आणली, तर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘आमच्या गावातून जाताना भोंगा वाजवू नका’ असे लोको पायलटला सांगणे, हे त्याला तुरुंगाच्या वाटेने जाण्यास सांगण्यासारखे आहे. स्टेशन मास्तरशी त्यावरून हुज्जत घालण्यातही अर्थ नाही. संकेत ठरविणे त्याच्याही अखत्यारीत नसते.

राज्याचा हात कोठे पोहोचतो?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय संघसूचीत आहे. या नव्या मार्गाच्या खर्चाचा निम्मा भार महाराष्ट्र शासनाने उचलला आहे. तरीही त्यावरील गाडीने शिट्टी केव्हा द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार त्या निम्म्या खर्चाबरोबर येत नाही. ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु एका राज्यात एक संकेत आणि शेजारच्या राज्यात दुसरा, अशी व्यवस्था झाली तर काय गोंधळ उडेल, याची कल्पना केली म्हणजे संविधानकर्त्यांचा हेतू ध्यानात येतो.

मोटारीच्या हॉर्नबद्दलचे नियम येथे लागू पडतील, अशी काहींची समजूत असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मोटार वाहनाची व्याख्या करतानाच रुळांवरून धावणारे वाहन वगळले आहे. परिवहन अधिकारी आणि वाहतूक पोलीस यांचा संबंध तेथेच संपतो.

राहता राहिले ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००. ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने केले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, अशी मर्यादा त्यांत आहे; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या सभोवती १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. २०१० मध्ये या नियमांत भर पडली व शांतता क्षेत्रात आणि रात्री निवासी भागात हॉर्न वाजविण्यास, सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग वगळता, मनाई झाली. अंमलबजावणीचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षकाहून कमी नसलेला अधिकारी यांस देता येतो. हे वाचून एखादा उत्साही सदस्य म्हणेल, ‘मग झाले तर!’ परंतु या कलमात आगगाडीचा नामोल्लेख नाही, आणि रेल्वेचा नियम मात्र भोंगा वाजविण्याची स्पष्ट आज्ञा करतो. दोन्ही नियम केंद्राचेच. एकाने बंदी घालावी आणि दुसऱ्याने सक्ती करावी, असा पेच आला असता जीवरक्षणाच्या नियमाला बाजूला सारून जिल्हाधिकाऱ्याने लोको पायलटवर खटला भरावा, हा शहाणपणाचा मार्ग खचितच नव्हे.

शिवाय मोजमापाचीही एक अडचण आहे, आणि ती शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गणिताच्या तासाला सोडवून घेण्याजोगी आहे. ही मर्यादा क्षणिक आवाजाची नसून ठराविक काळातील सरासरी ध्वनिऊर्जेची आहे. समजा, एखाद्या घरात भोंग्याचा आवाज ८० डेसिबल पोहोचतो, तो २० सेकंद टिकतो आणि रात्रीच्या आठ तासांत अशा दोन गाड्या जातात. बाकी रात्र अगदी नीरव धरली तर आठ तासांची सरासरी निघते सुमारे ५१ डेसिबल. ती ४५ च्या वर आहे खरी, पण निव्वळ आवाजाच्या पातळीवरून तक्रार करावयाची तर मर्यादा १० डेसिबलने किंवा त्याहून अधिक ओलांडली गेली पाहिजे असे नियम ७ म्हणतो. म्हणजे घरातील सगळी माणसे रात्रीतून दोनदा दचकून उठली, तरी या मार्गाने कागदावर तक्रार उभी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रेल्वेच्या रात्रीच्या आवाजासाठी ४४ डेसिबलची शिफारस केली. तीसुद्धा सरासरीच आहे. झोपमोड सरासरीने होत नाही, ती एका आवाजाने होते. तक्रार करणाऱ्यास ‘तुमचा त्रास काल्पनिक आहे’ असे कोणत्याही कार्यालयाने म्हणू नये, ते याच कारणासाठी.

मग अर्ज कोठे?

अर्ज रेल्वे प्रशासनाकडेच करावयाचा, पण कोणत्या? बीड जिल्ह्यात हा प्रश्न गमतीचा आहे. अहिल्यानगरहून आलेला नवा मार्ग मध्य रेल्वेचा, तर परळी व घाटनांदूर दक्षिण मध्य रेल्वेत. आष्टीच्या नगरपंचायतीने सिकंदराबादला आणि परळीकराने मुंबईला पत्र पाठविले, तर उत्तराची वाट पाहण्यातच वर्ष जाईल. आपल्या मार्गाच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करावा. रेल्वे सुरक्षा आयुक्त नवा मार्ग खुला होण्यापूर्वी तो तपासतात व ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असल्याने रेल्वेपासून स्वतंत्र असतात. परंतु त्यांचे काम सुरक्षिततेचे आहे, शांततेचे नव्हे.

अर्जात काय लिहावे, याला महत्त्व आहे. ‘फार आवाज होतो, बंद करावा’ या अर्जाचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी किलोमीटरच्या दगडाचा क्रमांक, गाडीची वेळ आणि शिट्टीची फळी कोठे आहे, ते नोंदवावे. फाटक बंद होऊन तेथे भुयारी रस्ता झाला असेल आणि जुनी फळी तशीच उभी राहिली असेल, तर ती काढण्याची मागणी पूर्णपणे रास्त आहे. ब्रॉडगेज मार्गावरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद करण्यात आली. जेथे फाटकच नाही, तेथे फाटकासाठीच्या भोंग्याचे कारणही उरत नाही. स्थानकाच्या आवारात इंजिन तासन्‌तास चालू ठेवले जाते किंवा शंटिंगच्या वेळी विनाकारण भोंगे दिले जातात, असे असेल तर तेही वेगळे मांडावे. त्यावर सुरक्षिततेचे कारण पुढे करता येत नाही.

अमेरिकेने याच पेचातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. तेथे २००५ पासून फाटकापूर्वी १५ ते २० सेकंद भोंगा देणे सक्तीचे असून इंजिनापुढे १०० फुटांवर तो किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असावा लागतो. आवाजाला वरची मर्यादा घालणे, ही त्यातील मोलाची गोष्ट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे ३० मीटरवर १०० डेसिबल असलेला भोंगा अर्ध्या किलोमीटरवरही ७६ डेसिबलच्या आसपास ऐकू येतो. ज्या नगराला शांतता हवी असेल, त्याने फाटकांवर अधिक भक्कम अडथळे उभारावेत व मग त्या पट्ट्यात नेहमीचा भोंगा थांबवावा, अशी तेथे तरतूद आहे. शांतता मिळते, पण तिच्या आधी सुरक्षितता विकत घ्यावी लागते.

बीड जिल्ह्यात हा विचार अधिकच निकडीचा आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. शेत रुळाच्या एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला पडली असेल, शाळेचा पुलाखालचा रस्ता किलोमीटरभर लांबून असेल आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचत असेल, तर आजोबा शेळ्या घेऊन आणि मुले दप्तर घेऊन रुळावरूनच जाणार. कान मंद झालेल्या म्हाताऱ्याला भोंगा उशिरा ऐकू येतो. रूळ ओलांडणे कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे फलकावर लिहून त्याची वाट बदलत नाही. आणि माणसे रुळावर दिसत राहिली की लोको पायलट फळी नसतानाही भोंगा देणार. त्याने तो दिलाच पाहिजे. भोंग्याची तक्रार पुष्कळदा मुळात रस्त्याची तक्रार असते, ती अशी.

यासाठी पंचायतींच्या हाती एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. रेल्वे अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे, मार्गामुळे ज्यांच्या जमिनीची ये-जा तुटली त्यांच्यासाठी वाटा, पूल, मोऱ्या, कुंपण इत्यादी सोयी रेल्वेने करून द्यावयाच्या असतात. मात्र मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर अशा वाढीव कामांचा खर्च सोसण्यास रेल्वे बांधील राहत नाही. आष्टीपर्यंतचा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला, म्हणजे तेथील काळ आधीच धावू लागला आहे. ग्रामसभेने शिवारफेरी काढून माणसे कोठून रूळ ओलांडतात त्या जागा गाव नकाशावर मांडाव्यात, मुख्याध्यापकांनी मुलांच्या वाटा लिहून द्याव्यात आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रेल्वेकडे पाठवावा.

दुसरे काम नगरपरिषदा व नियोजन अधिकारी यांचे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेच्या ना-हरकतीशिवाय बांधकाम करता येत नाही. परंतु ३० मीटर ही झोपेच्या दृष्टीने पुरेशी जागा नव्हे. स्थानकाभोवती जमिनीचे भाव चढत असताना प्रसूतिगृह, वसतिगृह आणि शाळा यांची आरक्षणे रुळापासून दूर ठेवणे, आणि दुकाने, गोदामे व बाजाराच्या जागा रुळाकडे नेणे, हे पूर्णतः राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या हातातील आहे. तेथे दिल्लीची परवानगी लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत गाडी आली, तेव्हा बीड ते परळी हा पुढचा टप्पा अपुराच होता. वडवणी आणि सिरसाळा भागातील पंचायतींना त्यामुळे आष्टीकरांपेक्षा एक संधी अधिक आहे. जेथे भराव अजून टाकला जात असेल, तेथे मोरीची रुंदी आणि जागा बदलून मागणे सोपे असते. रूळ पडल्यावर तीच मागणी वर्षानुवर्षे फायलीत फिरते.